हलत्या चित्राची धूसरता : जुन्या व्हिडिओ खेळांसाठी मॉनिटर कसा निवडावा

इ. स. १९९१ साली जपानच्या सेगा कंपनीने 'सॉनिक द हेजहॉग' हा व्हिडिओ खेळ बाजारात आणला. त्यातील निळ्या रंगाचा काटेरी प्राणी पूर्ण वेगाने धावू लागला म्हणजे टेकड्या, ताडाची झाडे आणि सोन्याची कडी झपाट्याने मागे पळू लागतात. त्या काळच्या काचेच्या दूरचित्रवाणी-संचावर ही कडी पळत असतानाही रेखीव दिसत. तोच खेळ, त्याच यंत्रातून, आजच्या सपाट मॉनिटरला जोडून पाहिला असता मात्र धाव सुरू होताच झाडे व कडी पुसट होतात, आणि प्राणी थांबला की पुन्हा स्वच्छ दिसू लागतात. खेळ बदललेला नाही, यंत्रही बदललेले नाही. नवा मॉनिटर तर जुन्या संचाहून कितीतरी अधिक सूक्ष्म व तेजस्वी आहे. मग ही धूसरता येते कोठून?

ह्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसले म्हणजे मॉनिटर घेताना पैसे वाया जाण्याचा संभव फार. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले '१ मिलिसेकंद' व '२४० हर्ट्झ' हे दोन आकडे पाहून ग्राहक निश्चिंत होतो. हे दोन्ही आकडे खरे असूनही जुन्या खेळातील धूसरता तसूभरही कमी होऊ नये, असे सहज घडू शकते. घरात, शाळेच्या संगणक-कक्षात किंवा ग्रंथालयातील एखाद्या प्रदर्शनात जुने खेळ त्यांच्या मूळ रूपात दाखवावयाचे असतील, तर ह्या आकड्यांच्या पलीकडे पाहावे लागते.

काचेच्या नळीतील प्रकाश

चित्रनलिकेचा शोध जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे लावला. नलिकेच्या निमुळत्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि रुंद काचेच्या आतल्या बाजूस दिलेल्या फॉस्फरच्या लेपावर आदळतो. जेथे तो आदळतो तेथे फॉस्फर चमकतो. दूरचित्रवाणी-संचात हा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ आखतो, मग तिच्या खालची, मग तिच्याही खालची, आणि अशा रीतीने वरून खालपर्यंत पडदा भरून काढतो. अमेरिकेत व जपानमध्ये हे काम सेकंदातून सुमारे ६० वेळा होई. भारतात व युरोपात ५० वेळा.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की झोत पुढे सरकताच मागचा ठिपका विझू लागतो. त्याचा बहुतेक प्रकाश एका मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, बाहेर पडून गेलेला असतो. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी पडद्याचा एक लहानसा पट्टाच खऱ्या अर्थाने उजळलेला असतो, उरलेला पडदा जवळजवळ काळा असतो. पडद्यावर संपूर्ण चित्र असे कधी नसतेच. ते पाहणाऱ्याच्या दृष्टीत जुळते. चालू संचाचे छायाचित्र अगदी अल्प काळ झडप उघडून घेतले तर त्यात हा उजळ पट्टा व त्याभोवतीचा काळोख स्पष्ट उमटतो.

जुनी खेळयंत्रे ह्याच नलिकेच्या तालावर चालत. निन्तेन्डो कंपनीचे १९८३ सालचे 'फॅमिकॉम' हे यंत्र झोत जसजसा पुढे जाईल तसतसा एकेक ठिपका पुरवीत असे. पूर्ण चित्र साठवून ठेवण्याइतकी स्मृती त्यात नव्हती. सेकंदाला ६० वेळा नवे चित्र, प्रत्येक ठिपक्याचा क्षणभर चमकारा आणि मग पुढील चित्र येईपर्यंत सुमारे १५ मिलिसेकंद काळोख, असा तो क्रम होता.

द्रवस्फटिकाचा मॉनिटर, ज्याला व्यवहारात एलसीडी म्हणतात, निराळ्या तत्त्वावर चालतो. त्याच्या पाठीमागे एक दिवा अखंड जळत असतो आणि पुढील प्रत्येक चित्रकण, म्हणजे पिक्सेल, हा त्या प्रकाशाला वाट देणाऱ्या किंवा अडविणाऱ्या लहानशा दारासारखा असतो. एकदा दार अमुक इतके उघडले की पुढचा हुकूम येईपर्यंत ते तसेच राहते. सेकंदाला ६० चित्रे येत असतील तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर जसेच्या तसे उभे राहते आणि मग एकाएकी पुढच्या चित्राला जागा देते. त्यात काळोख कोठेही नाही. वरवर पाहता हा गुणच वाटतो, आणि स्थिर मजकूर वाचावयाचा असेल तर तो गुण आहेही.

डोळ्याचा पाठलाग

हलणाऱ्या वस्तूकडे लक्ष गेले की मनुष्याचा डोळा तिच्या मागोमाग फिरतो. रस्त्याने जाणाऱ्या सायकलस्वाराकडे पाहणाऱ्याची बुबुळे धक्के न घेता एका लयीत सरकत जातात, आणि त्यामुळेच सायकलस्वाराची प्रतिमा दृष्टिपटलाच्या एकाच जागी पडून रेखीव दिसते. खेळातील सोन्याच्या कड्याचाही डोळा असाच पाठलाग करतो. पण सपाट पडद्यावर कडे खरोखर सरकत नाही. ते १६.७ मिलिसेकंद एका जागी थांबते, मग उडी मारून पुढच्या जागी जाते आणि तेथे पुन्हा थांबते. डोळा मात्र थांबत नाही. त्या थांबण्याच्या काळात डोळा पुढे सरकलेला असल्याने स्थिर कड्याची प्रतिमा दृष्टिपटलावरून उलट दिशेने घासत जाते. हीच ती धूसरता. ती पडद्यावर नसते, म्हणून एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रात ती सापडत नाही.

चित्रनलिकेवरही कडे उड्याच मारीत असे. परंतु तेथे प्रत्येक उडीनंतर ते एक मिलिसेकंदच दिसे. तेवढ्या काळात डोळा सरकून सरकणार किती? प्रतिमेला घासून जाण्यास अवसरच मिळत नसे. उरलेल्या वेळी काळोख असे आणि काळोखात घासण्यासारखे काही नसते.

हा फरक मोजता येतो, आणि मोजणी सोपी आहे. वस्तू दर चित्रामागे जितके चित्रकण सरकते त्या संख्येला, चित्राच्या एकूण काळापैकी जितका भाग ते उजळलेले असते त्या अपूर्णांकाने गुणावे. येणारा गुणाकार म्हणजे धूसर पट्ट्याची रुंदी. सॉनिक हा प्राणी सपाट जमिनीवर आपल्या बळावर पूर्ण वेगाने धावतो तेव्हा दर चित्रामागे ६ चित्रकण जातो. अखंड जळणाऱ्या पडद्यावर अपूर्णांक १ आहे, म्हणून धूसरता ६ चित्रकणांची. चित्रनलिकेवर १६.७ पैकी सुमारे १ मिलिसेकंद प्रकाश असतो, म्हणून धूसरता ०.३६ चित्रकणाची, म्हणजे न दिसण्याइतकीच. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' मधील मारिओ पळतो तेव्हा भूमी दर चित्रामागे सुमारे अडीच चित्रकण मागे जाते. हा वेग थोडा वाटेल, पण त्या खेळातील विटांमधील सांध्याची रेघ एकच चित्रकण रुंद आहे. अडीच चित्रकणांच्या धूसरतेत ती पार पुसून जाते.

हे चित्रकण खेळाचे आहेत, मॉनिटरचे नव्हेत. त्यामुळे मॉनिटर मोठा घेतला किंवा अधिक सूक्ष्म घेतला तरी धूसरता प्रमाणात तेवढीच राहते. मारिओ स्वतः पडद्याच्या मध्यावर जवळजवळ स्थिर असतो, म्हणून केवळ त्याच्याकडेच पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे जाणवत नाही. परंतु चांगला खेळाडू मारिओकडे थोडाच पाहतो? त्याची दृष्टी समोरून येणारा खड्डा व शत्रू हेरीत असते, आणि नेमके तेच पुसट होतात.

खोक्यावरील दोन आकडे

आता '१ मिलिसेकंद' ह्या आकड्याकडे वळावे. तो बहुधा चित्रकणाने एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जाण्यास लागणारा वेळ सांगतो, आणि तोही सर्वांत अनुकूल छटांचा. जुन्या एलसीडी पडद्यांत हा वेळ खरोखरच फार मोठा असे व वस्तूमागे धुराची रेघ राही. आज तो पुष्कळ कमी झाला आहे. परंतु चित्रकण कितीही चपळाईने बदलला तरी बदलून झाल्यावर तो पुढील चित्रापर्यंत थांबणारच. ओएलईडी जातीच्या पडद्याचा चित्रकण मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात बदलतो. तरीही ६० चित्रांच्या खेळात त्याची धूसरता सॉनिकच्या बाबतीत जवळजवळ ६ चित्रकणच भरते. ह्याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

तथापि हा आकडा अगदीच निरर्थक मानू नये. एलसीडीच्या तीन प्रमुख जाती टीएन, आयपीएस व व्हीए ह्या नावांनी ओळखल्या जातात. त्यांपैकी व्हीए जातीचे अनेक पडदे काळ्या छटेतून करड्या छटेत जाण्यास मंद असतात. जुन्या खेळांत, विशेषतः अंतराळयुद्धाच्या खेळांत, पार्श्वभूमी काळीच असते. अशा वेळी प्रत्येक यानामागे काळसर शेपूट उमटते. ह्या कामासाठी टीएन किंवा वेगवान आयपीएस पडदा बरा. काही मॉनिटरांत चित्रकणाला अधिक जोराचा धक्का देऊन लवकर बदलविण्याची सोय असते. तो धक्का जास्त झाला तर वस्तूच्या मागे उलट्या रंगाची उजळ कडा दिसू लागते. अशी सोय मधल्या पायरीवर ठेवणे उत्तम.

'२४० हर्ट्झ' ह्या आकड्याविषयीचा गैरसमज अधिक खोल आहे. मॉनिटर सेकंदाला २४० वेळा चित्र नव्याने मांडू शकतो, हे खरे. नव्या खेळात संगणक २४० वेगवेगळी चित्रे पुरवीत असेल तर प्रत्येक चित्र ४.२ मिलिसेकंदच टिकते आणि धूसरता चौथाईवर येते. पण १९८५ किंवा १९९१ सालचा खेळ सेकंदाला ६० चित्रेच देतो. मॉनिटर प्रत्येक चित्र चार वेळा मांडतो, इतकेच. चारही वेळा वस्तू तेथेच असल्याने डोळ्याच्या दृष्टीने ते चित्र पूर्वीप्रमाणेच १६.७ मिलिसेकंद उभे राहिले. ६० ला चारने गुणून जी चपळता विकत घेतली ती अशा रीतीने वाया जाते. ती उपयोगात आणावयाची तर त्या चार मांडण्यांपैकी तीन काळ्या कराव्या लागतील. पडद्यात काळोख परत आणण्याचे जे दोन मार्ग आहेत, त्यांपैकी हा एक.

दिवा लुकलुकविणे

पहिला मार्ग एलसीडीच्या पाठीमागील दिव्याचा. तो अखंड न जाळता प्रत्येक चित्रामागे एकदाच, एखादा मिलिसेकंद, उजळवायचा. दिवा बंद असताना चित्रकण आपली जागा बदलून घेतात आणि चित्र स्थिर झाल्यावर दिवा चमकतो. ही सोय मॉनिटर बनविणारे निरनिराळ्या नावांनी विकतात, आणि पुष्कळ वेळा खोक्यावरचा '१ मिलिसेकंद' हा आकडा ही सोय चालू असतानाचाच असतो.

परंतु येथे एक खाच आहे व तीच जुन्या खेळांच्या ग्राहकाला नडते. ही सोय प्रायः नव्या वेगवान खेळांसाठी केलेली असते. एनव्हिडिया कंपनीने २०१३ मध्ये पुढे आणलेली यूएलएमबी नावाची पद्धत ८५, १०० व १२० हर्ट्झवर चाले. ६० वर ती चालू होतच नसे, कारण ६० वेळा लुकलुकणारा दिवा अनेकांच्या डोळ्यांना खुपतो. मग ६० चित्रांचा खेळ १२० हर्ट्झवर लावला तर काय होते? प्रत्येक चित्र दोनदा चमकते. पहिल्या चमकीनंतर डोळा अर्धे अंतर पुढे जातो, वस्तू मात्र तेथेच पुन्हा चमकते. परिणामी सॉनिकच्या कड्याच्या दोन स्वच्छ प्रतिमा एकमेकींपासून ३ चित्रकणांवर दिसतात. धूसरता गेली व तिच्या जागी दुहेरी चित्र आले. काही मॉनिटरांत तर ६० हर्ट्झ निवडल्यावरही दिवा गुपचूप १२० वेळा चमकतो.

यास्तव विक्रेत्याला विचारावयाचा खरा प्रश्न हा, की दिवा ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्रामागे एकदाच चमकतो काय? असे मॉनिटर थोडे आहेत, पण आहेत. २०२१ साली बाजारात आलेला व्ह्यूसॉनिक कंपनीचा एक्सजी२४३१ हा त्यांपैकी एक. त्याचा दिवा ६० पासून २४० हर्ट्झपर्यंत एकेरी चमकतो आणि चमकीचा काळ व क्षण एका संगणक-कार्यक्रमाने कमीजास्त करता येतो.

चमकीचा क्षण इतका महत्त्वाचा का? पडदा वरून खाली भरला जातो. दिवा चमकला तेव्हा वरचे चित्रकण स्थिर झालेले आणि तळाचे अजून बदलत असतील, तर तळाशी मागील चित्राची फिकट सावली दिसते. २४० हर्ट्झ झेपणारा पडदा सुमारे ४ मिलिसेकंदांत भरून होतो. त्याला ६० हर्ट्झवर असा संकेत दिला की चित्र ४ मिलिसेकंदांत भरावे व मग १२ मिलिसेकंद काहीच येऊ नये, तर सर्व चित्रकणांना स्थिर होण्यास भरपूर अवधी मिळतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. येथे २४० हा आकडा खरा कामी येतो, मात्र जाहिरातीत सांगितलेल्या कारणासाठी नव्हे.

काळी चित्रे घालणे

दुसरा मार्ग म्हणजे दिव्याला हात न लावता चित्रांच्या मध्ये काळी चित्रे पेरणे. ओएलईडी पडद्याला पाठीमागे दिवाच नसतो, प्रत्येक चित्रकण स्वतः प्रकाश देतो; म्हणून त्याला हाच मार्ग योग्य. १२० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र व एक काळे, असे केले तर सॉनिकची धूसरता ३ चित्रकणांवर येते. २४० हर्ट्झवर एक चित्र व तीन काळी घातली तर दीड. ४८० हर्ट्झवर, आठांपैकी एकच उजळ ठेवले तर पाऊण चित्रकण. ४८० हर्ट्झचे ओएलईडी मॉनिटर २०२४ मध्ये बाजारात आले. चित्रनलिकेची बरोबरी त्यांनाही पूर्णपणे साधत नाही, पण अंतर आता अल्प उरले आहे.

जुने खेळयंत्र संगणकात हुबेहूब उभे करणाऱ्या कार्यक्रमाला एम्युलेटर म्हणतात. 'रेट्रोआर्क' ह्या एम्युलेटर-संचात काळी चित्रे घालण्याची सोय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मार्क रेजॉन व टिमथी लॉट्स यांनी ह्याच्या पुढची पायरी सर्वांसाठी खुली केली. त्यांच्या कार्यक्रमात संपूर्ण चित्र एकदम चमकवून विझविले जात नाही. एक उजळ पट्टा वरून खाली सरकतो व त्यामागे प्रकाश हळूहळू मावळतो, जणू नलिकेतील झोतच. त्यामुळे डोळ्याला होणारी लुकलुक काहीशी सौम्य होते. ज्यांच्याजवळ एम्युलेटर नसून मूळ खेळयंत्र आहे त्यांना मात्र मॉनिटरच्या अंगच्या सोयीवर किंवा मध्ये बसविण्याच्या रूपांतरक-यंत्रावर विसंबावे लागते. २०२३ च्या अखेरीस आलेले 'रेट्रोटिंक-४के' हे यंत्र काळी चित्रे घालण्याचेही काम करते.

एलसीडी पडद्यावर काळी चित्रे घालताना एक सावधगिरी बाळगावी. द्रवस्फटिकाला एकाच दिशेचा विद्युत्-दाब सतत दिला तर तो बिघडतो, म्हणून मॉनिटर प्रत्येक मांडणीला दाबाची दिशा उलटवितो. १२० हर्ट्झवर चित्र, काळे, चित्र, काळे असा क्रम लावला की चित्र नेहमी एका दिशेला व काळे नेहमी दुसऱ्या दिशेला पडते. समतोल ढळतो आणि काही वेळाने पडद्यावर आधीच्या चित्राची फिकट छाया रेंगाळू लागते. १८० हर्ट्झवर एक चित्र व दोन काळी असा विषम क्रम ठेवला म्हणजे दिशा आळीपाळीने बदलतात व हा दोष टळतो.

काळोखाचे मोल

काळोख फुकट मिळत नाही. फार जलद लुकलुकणाऱ्या प्रकाशाची दीप्ती डोळ्याला त्याच्या सरासरीइतकी भासते. हा टॅल्बट व प्लातो यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. ४०० निट दीप्तीचा एलसीडी मॉनिटर १६.७ पैकी १ मिलिसेकंदच उजळला तर डोळ्याला २४ निटच मिळतील, म्हणजे अंधाऱ्या खोलीतच पाहता येईल असे चित्र. मॉनिटर बनविणारे चमकीच्या क्षणी दिव्याला अधिक प्रवाह देऊन ही तूट काही अंशी भरून काढतात. ओएलईडी मॉनिटर पूर्ण पांढऱ्या पडद्याला साधारण २५० निटच्या आसपास देतो; आठांत एक उजळ ठेवल्यास ३० निट उरतात. चमकीचा काळ १ ऐवजी २ मिलिसेकंद केला तर दीप्ती दुप्पट होते व सॉनिकची धूसरता पाऊण चित्रकणाच्याही आत राहते. हा सौदा बहुतेकांना परवडावा.

दुसरे मोल लुकलुकीचे. ६० हर्ट्झची चमक पुष्कळांना पांढऱ्या पार्श्वभूमीवर जाणवते, विशेषतः डोळ्याच्या कोपऱ्यातून. ५० हर्ट्झची त्याहून अधिक. डोके दुखू लागल्यास ही सोय बंद करून विश्रांती घ्यावी. अपस्माराचा विकार असलेल्या काही व्यक्तींना लुकलुकता प्रकाश अपायकारक असतो. शाळेत किंवा ग्रंथालयात असा मॉनिटर ठेवल्यास तेथे तशी स्पष्ट सूचना लावणे आवश्यक आहे. लिहिण्यावाचण्याच्या कामाला ही सोय नेहमी बंदच असावी.

तालाचा प्रश्न

जुन्या यंत्रांचा ताल नेमका ६० चा नव्हता. फॅमिकॉम सेकंदाला सुमारे ६०.१ चित्रे देई. मॉनिटर बरोबर ६० हर्ट्झवर असेल तर सुमारे १० सेकंदांनी एक चित्र गळते आणि एक बारीक धक्का दिसतो. १९८० सालचा 'पॅक-मॅन' ६०.६ वर, तर १९९२ सालचा 'मॉर्टल काँबॅट' ५४.७ वर चालणारा. हा दुसरा ६० हर्ट्झच्या पडद्यावर लावला तर सेकंदातून पाच वेळा चित्र अडखळते. खेळाच्या तालाप्रमाणे आपला ताल बदलणारे मॉनिटर ह्यावर उपाय आहेत, पण ताल बदलणे व दिवा लुकलुकविणे ही दोन्ही कामे बहुतेक मॉनिटरांत एकाच वेळी चालत नाहीत. एनव्हिडियाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेली 'पल्सार' पद्धत त्यांची सांगड घालण्यासाठीच आहे. मात्र ती ६० च्या आसपास चालते की नाही हे प्रत्येक मॉनिटरच्या बाबतीत पाहून घ्यावे. धूसरता हाच मुख्य दोष वाटत असेल तर एम्युलेटरलाच किंचित मंद करून मॉनिटरच्या तालाशी जुळविणे अधिक सोयीचे. हजारात दोनाहून कमी इतका फरक कोणाच्या कानाला किंवा हाताला जाणवत नाही.

भारतातील ज्या वाचकांनी १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांवर खेळ खेळले त्यांनी ते ५० हर्ट्झच्या संचांवर पाहिले असण्याचा संभव आहे. सॉनिकची युरोपातील आवृत्ती तर ५० वर चालून मुळापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने मंद भासे. आज मूळ ६० च्या आवृत्त्याच निवडाव्यात. ५० ची लुकलुक सोसण्याचे कारण नाही.

काही खेळ मुळातच थोडी चित्रे देतात. १९९८ सालचा 'द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' सेकंदाला २० चित्रे देतो. चित्रनलिकेवरही त्याच्या हलत्या वस्तू तिहेरी दिसत. तेथे कोणताही मॉनिटर काही करू शकणार नाही.

जुनी नलिका घ्यावी काय?

धूसरतेपुरते बोलावयाचे तर जुना काचेचा संच आजही सर्वांत सरळ उत्तर आहे, आणि प्रकाश-बंदुकीचे काही खेळ, उदाहरणार्थ १९८४ सालचा 'डक हंट', झोताच्या वेळेवर अवलंबून असल्याने मूळ यंत्रावर ते नलिकेवरच चालतात. पण नलिकांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबले आहे आणि ज्या आहेत त्या झिजत चालल्या आहेत. संगणकाचा जुना नलिका-मॉनिटर घेणाऱ्याने हेही जाणून घ्यावे, की खेळयंत्र सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी पाठविते, तर असे बहुतेक मॉनिटर ३१,५०० ओळींच्या खालचा संकेत स्वीकारीत नाहीत. मध्ये ओळी दुप्पट करणारे यंत्र लागते. संचाच्या आत वीस हजार व्होल्टहून अधिक दाब असतो व तो संच बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो. मागील झाकण विद्यार्थ्यांनी किंवा अननुभवी माणसाने मुळीच उघडू नये. फुटलेल्या नलिकेच्या काचेत शिसे असते, म्हणून ती कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी.

दुकानात करावयाचा प्रयोग

मॉनिटर विकत घेण्यापूर्वी दोन सोप्या परीक्षा घेता येतात. पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र आणून लुकलुकीची सोय चालू करावी व ६० हर्ट्झ निवडावे. पडद्यासमोर एक पेन्सिल आडवी-तिडवी जोराने हलवावी. प्रकाश अखंड असेल तर पेन्सिलीचा सलग पुसट पंखा दिसेल. दिवा लुकलुकत असेल तर पंख्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसतील. मग १२० हर्ट्झ निवडून तेवढ्याच वेगाने पेन्सिल पुन्हा हलवावी. पेन्सिलींमधील अंतर निम्मे झाले तर पहिल्या वेळी चमक एकेरी होती. अंतर तेवढेच राहिले तर मॉनिटर ६० हर्ट्झवरही दुहेरी चमकत होता असे समजावे. दुसरी परीक्षा सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलच्या मंदगती चित्रणाची. चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवून पाहावी. पडद्याचा एकच भाग दर चौथ्या चित्रात उजळत असेल तर ६० ची चमक एकेरी. दर दुसऱ्या चित्रात उजळत असेल तर दुहेरी. अशा वेळी विक्रेत्याचे आश्वासन काहीही असो, तो मॉनिटर ह्या कामाचा नाही.

उंचीचाही विचार करावा. फॅमिकॉमचे चित्र २४० ओळींचे. १,४४० ओळींच्या मॉनिटरवर ते बरोबर सहापट व २,१६० ओळींच्या मॉनिटरवर बरोबर नऊपट होते; १,०८० वर साडेचारपट होत असल्याने एकतर चारपट ठेवून कडेला काळी जागा सोडावी लागते, किंवा काही ओळी जाड व काही बारीक दिसतात. ओएलईडी घेणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या खेळांत गुणसंख्या व उरलेले जीव दाखविणारी पट्टी तासन्‌तास एकाच जागी असते; तीच पट्टी रोज त्याच जागी उजळत राहिली तर तेथील चित्रकण लवकर मंदावतात आणि खेळ बंद केल्यावरही तिचा ठसा दिसत राहतो. काळी चित्रे घातल्याने दर सेकंदाचा उजळण्याचा काळ कमी होतो व ही झीजही त्या मानाने मंदावते, पण थांबत नाही. ज्या ग्रंथालयात एकच खेळ दिवसभर चालू राहणार आहे तेथे एकेरी चमकीचा एलसीडी मॉनिटर अधिक टिकाऊ ठरेल.